गरुडाची पाठ

सिरिल ऑक्सलीच्या हातात काहीही द्या, तो आधी ते उलटं करायचा. बिल्ला असो, कपबशी असो, नाहीतर दुकानातून आणलेला बिस्किटांचा पुडा असो. ब्रॅडफर्डच्या बसगाड्यांवर सदतीस वर्षं तिकीट तपासनिसाची नोकरी केल्यावर माणसाचा हात असाच वळतो. पुढून तिकीट सगळ्यांचंच खरं दिसतं, लबाडी पाठीमागे असते, असं तो म्हणायचा. त्याची बायको एनिड त्यावर पाहुण्यांना सांगायची, “पाद्र्यानं घाई केली म्हणून वाचले. नाहीतर वेदीपुढे ह्यानं मलाही फिरवून बघितलं असतं.” पाहुणे खो खो हसायचे. सिरिलही हसायचा, पण जरा उशिरानं.

निवृत्तीनंतर तो स्किप्टनला राहायला आला तो बिल्ल्यांची पेटी छातीशी धरून. सामानवाल्यांवर त्याचा विश्वास नव्हता. बिल्ले फक्त घोडदळाचे, तेही जुने: हुसार, लान्सर, ड्रॅगून. पायदळाचे बिल्ले त्याच्या लेखी भाजीपाला. बाजारात नकली माल बोकाळलेला. कुणी जुने ठसे मिळवून नवे बिल्ले पाडतं, कुणी ते चहात भिजवतं, कुणी शेणखतात पुरून वर्षभरानं “आजोबांच्या ट्रंकेत सापडला” म्हणून विकायला आणतं. सिरिल तो पालथा करायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा, वास घ्यायचा आणि खालच्या ओठाला टेकवायचा. ठशातून निघालेल्या अस्सल बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या चित्राचा नेमका खळगा असतो. ओतीव नकलेची पाठ बोथट, मेणचट. दहा सेकंदांत त्याचा निकाल तयार असायचा, आणि तो बहुतेक वेळा वाईटच असायचा.

जुन्या कवायत हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बिल्ले जमवणाऱ्यांचं मंडळ भरे. मंडळाचा नियम एकच, पण कडक. हिरव्या कापडाच्या टेबलावर बिल्ला ठेवायचा तो पालथा. सगळ्यांनी पाठ पाहायची, मग तोंड. वस्तू नकली वाटली तर तसं म्हणायचं नाही, नुसतं म्हणायचं, “मी ही घरात घेणार नाही.” आणि कुणी एखादा बिल्ला टेबलावर मागितला तर नाही म्हणता यायचं नाही. नाही म्हणाला तो चोर, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

सिरिलला जगात मित्र एकच होता, हेडली पिकर्सगिल. हा खाटीक, ब्रह्मचारी, हाताची बोटं सॉसेजसारखी आणि हसणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाणारं. दोघांची ओळख चाळीस वर्षांपूर्वी एका बाजारात एकाच बिल्ल्यावर दोघांनी हात टाकला तेव्हाची. तो बिल्ला नकली निघाला आणि दोस्ती तेवढी खरी निघाली. दोघांकडेही चौदाव्या हुसारांचा गरुडाचा बिल्ला होता. हेडलीनं तो विकत घेतलेला. सिरिलचा मात्र आजोबांचा.

आजोबा एमॉस ऑक्सली चौदाव्या हुसारांत घोड्यांना नाल ठोकायचे. त्या रिसाल्याचा बिल्ला म्हणजे प्रशियाचा गरुड. १९१५ साली जर्मनांशी लढाई जुंपलेली असताना शत्रूचाच पक्षी डोक्यावर कसा मिरवायचा, म्हणून गरुड काढून टाकायचा हुकूम निघाला. एमॉसनं “हरवला” असं साफ खोटं सांगितलं, शिक्षा भोगली आणि गरुड बुटात लपवून मेसोपोटेमियात नेला. तिथे त्याच्या पाठीवरच्या, टोपीत अडकवायच्या दोन कड्यांपैकी एक तुटली. एमॉसनं नालाचा खिळा तापवून, वाकवून तिथे बसवला. पितळेच्या पाठीवर काळ्या लोखंडाची ती ओबडधोबड कडी सिरिल लहानपणी बोटानं चाचपायचा. घरातला हा एकच बिल्ला असा होता की ज्याच्याबद्दल त्याला कधीही शंका घ्यावी लागली नव्हती.

त्याच्या चौकटीत काळ्या मखमलीवर अठ्ठावीस बिल्ले होते, मधोमध गरुड. पुढून काच, मागून कागदानं बंद. बैठकीच्या खोलीत ती चौकट टांगलेली असायची आणि तिला हात लावायचा अधिकार एकट्या सिरिलला. एनिडला त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “ह्याला हात लावायचा नाही.” का नाही, ते सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मात्र एनिडच चौकटीला जपू लागली. तो खाली काढायला गेला की म्हणायची, “राहू दे रे, धूळ शिरेल आत.” सिरिलला बरं वाटायचं. एवढ्या वर्षांनी का होईना, बाईला छंदाची किंमत कळली!

एनिड जाऊन दोन वर्षं झाली होती. ऑक्टोबरात गावच्या छोट्या संग्रहालयानं स्थानिक घोडेस्वारांवर प्रदर्शन करायचं ठरवलं आणि एमॉसचा गरुड मागितला. पुढचा आणि मागचा फोटो हवा होता. सिरिलनं चौकट खाली घेतली, उलटी केली, आणि तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. मागचा कागद त्यानं लावलेला नव्हता. त्यानं तपकिरी कागद वापरला होता. हा पांढरा, मेणाचा, खाटकाच्या दुकानात मांस गुंडाळतात तो.

कागद फाडून त्यानं गरुड सोडवला आणि तळहातावर पालथा घेतला. दोन कड्या. दोन्ही पितळेच्या. दोन्ही नीटनेटक्या.

तो खुर्चीत बसला. पुन्हा पाहिलं. बिल्ला अस्सल होता, ह्यात तिळमात्र शंका नाही, पण आजोबांचा नव्हता. एकाच ठशातले गरुड समोरून जुळ्या भावांसारखे. फरक तेवढा पाठीत. आणि जन्मभर लोकांच्या वस्तू उलट्या करणाऱ्या ह्या शहाण्यानं स्वतःची वस्तू भिंतीला पाठ लावून टांगली होती.

केव्हा झालं असेल हे? त्याला फार शोधावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी तो दहा दिवस इस्पितळात होता. एनिडला गाडी चालवता येत नव्हती. हेडली रोज व्हॅन घेऊन घरी यायचा, तिला इस्पितळात आणायचा, परत सोडायचा. कागद हेडलीच्या दुकानातला. कड्या... हेडलीचा गरुड त्यानं शंभरदा पाहिला होता. त्याच्या दोन्ही कड्या पितळेच्या होत्या. आणि मुख्य म्हणजे गेल्या नऊ वर्षांत हेडलीनं तो गरुड एकदाही टेबलावर आणला नव्हता. आजोबांच्या, लढाई पाहिलेल्या, नालाच्या खिळ्याच्या गरुडासाठी कुणीही संग्राहक आपला साधा गरुड हसत देईल. आणि न विचारता अदलाबदल झाली तर त्याला चोरी म्हणतात.

तरी लगेच आरोप करील तो तपासनीस कसला! पुरावा हवा. बुधवारी तो हेडलीच्या घरी चहाला गेला. बोलता बोलता म्हणाला, “तुझी ती हुसारांची पेटी बघू दे की. बऱ्याच दिवसांत बघितली नाही.”

“बघ ना,” हेडली म्हणाला आणि पेटी पुढे सरकवली. चौदाव्याचा खण रिकामा होता.

“गरुड कुठे उडाला?”

“आहे कुठेतरी. वरच्या कपाटात असेल. पाई खाणार का? डुकराच्या मांसाची आहे, कालचीच.”

“कपाटात? तू? बिल्ला पेटीबाहेर ठेवलास?”

“म्हातारा झालोय रे. खा मुकाट्यानं.” पण बोलताना त्यानं सिरिलकडे पाहिलं नाही. सिरिलनं पाई खाल्ली, तीही आधी तळ तपासूनच, आणि घरी आला. आता त्याला खात्रीच झाली. त्याला झोप येईना, भूक लागेना. चाळीस वर्षांचा मित्र चोर निघाला ह्याचं दुःख त्याला होतंच. पण खरं सांगायचं तर आपला अंदाज बरोबर ठरतोय ह्याची एक गुदगुलीही होती. संशयी माणसाचं हे असंच असतं. घर जळतंय ते दिसतं, आणि “मी म्हणालोच होतो” हेही सुटत नाही.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. हॉलमध्ये बेकनचा वास, मोठ्या किटलीतला कडक चहा, टेबलाभोवती ह्या दोघांशिवाय बारा जण. सचिव क्लेग हा निवृत्त शाळामास्तर; तो यादी वाचत होता. त्याचं वाचून संपायच्या आत सिरिल म्हणाला, “मला एक वस्तू मागायची आहे. हेडली, तुझा चौदाव्याचा गरुड.”

हेडलीनं सँडविच खाली ठेवलं. “घरी आहे.”

“मग आण की. दहा मिनिटांचा रस्ता आहे.”

“आज नको, सिरिल.”

“का? पंख ओले आहेत का त्याचे?”

दोघंतिघं हसले. हेडली हसला नाही. एरवी विनोद कसाही असो, सगळ्यात मोठं हसू त्याचंच असायचं, म्हणून हसणारेही गप्प झाले.

क्लेगनं चष्मा काढला. “हेडली, टेबलावर मागितलंय. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग आणतोस ना?”

“नाही.”

सिरिल उठून उभा राहिला. “सांगू का मी, का नाही ते? त्याच्या पाठीवर नालाच्या खिळ्याची कडी आहे म्हणून! माझ्या आजोबांनी बसवलेली! मी इस्पितळात मरणाच्या दारात असताना ह्यानं माझ्या घरात शिरून...”

“सिरिल,” हेडली हळू आवाजात म्हणाला, “इथे नको. हात जोडतो तुझ्यापुढे.”

“कर नाही त्याला डर कशाला? उलटा करून दाखव आणि मोकळा हो!”

हेडलीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग कोटावरची मंडळाच्या सभासदत्वाची टाचणी काढली, टेबलावर पालथी ठेवली आणि निघून गेला. कुणी थांबवलं नाही. सिरिलच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. चहा मात्र त्यानं पुरा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गरुड मागायला गेला. हेडलीनं दार उघडलं, त्याला स्वयंपाकघरात घेतलं, पण बस म्हणाला नाही.

“माझा गरुड दे. तुझा आणलाय मी, हा घे.”

“ठेव तिथे. तुझा मिळणार नाही. पोलिसात जायचं तर जा.”

“एवढी हाव! चोरी पकडली गेली तरी सोडवत नाही?”

“चोर म्हण. टेबलावर म्हणालास, आणखी म्हण. मला चालेल.”

इथे सिरिलनं थांबायला हवं होतं. पण एक घाणेरडा विचार चार दिवस त्याच्या डोक्यात घरघर करत होता, तो आता तोंडातून बाहेर पडला. “दहा दिवस रोज येत होतास. चौकट भिंतीवर, एनिड घरात. तिला कळल्याशिवाय चौकट खाली आली नसणार. म्हणजे ती तुला सामील होती. का म्हणून? तुमच्या दोघांचं काय चाललं होतं, हेडली?”

हेडलीचा चेहरा पांढरा पडला. सिरिलला वाटलं, आता हा मारणार. हेडली वळला, ड्रेसरच्या खालच्या खणातून चहाचा एक जुना डबा काढला आणि त्यातली वस्तू टेबलावर आपटली. सवयीनं पालथीच.

काळ्या लोखंडाची कडी. तीच. सिरिलनं बोट लावलं आणि त्याला रडूच यायला लागलं.

“पाठ बघितलीस?” हेडली म्हणाला. “आता तोंड बघ. जन्मात एकदा तरी बघ.”

सिरिलनं बिल्ला सुलटा केला. गरुडाला तोंडच नव्हतं. चोच घासून गेलेली, पिसं सपाट, सगळ्या अंगावर बारीक बारीक ओरखडे, आणि नव्या नळासारखी पिवळी चकाकी. ऐंशी वर्षांची तपकिरी साय साफ खरवडलेली. हे काम संग्राहकाचं नव्हतं. जुना बिल्ला घासणं म्हणजे त्यांच्या जगात महापाप. नकली विकणाऱ्याशी ते एक वेळ बोलतील, घासणाऱ्याशी नाही. हेडलीनं हे केलेलं असणं शक्य नव्हतं. हे तर कुणीतरी खूप मनापासून केलं होतं.

शनिवारी सकाळी दाराची मूठ, टपालपेटीची फट, मेणबत्त्यांचे खांब, सगळं पितळ ओळीनं मांडून कोण घासत बसायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

“तू घरी येणार होतास,” हेडली म्हणाला. आता तो खाली बसला. “तुला खूश करायचं होतं तिला. मी आलो तर वर्तमानपत्रावर हा ठेवलेला, हातात तारेची घासणी. म्हणाली, ‘बघ हेडली, किती घाण होता बिचारा! शिपाई रोज सकाळी घासायचेच ना आपले बिल्ले?’ खरंच होतं की तिचं. मी काही बोललो नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं.”

“मग?”

“मग ह्याच खुर्चीत बसून रडली, दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, अगं चिडेल, ओरडेल, आठ दिवसांत विसरेल. ती म्हणाली, ‘ओरडला तर सोसेन मी. पण तो ओरडणार नाही. तो मला उलटं करून बघेल. ह्यापुढे रोज, प्रत्येक गोष्टीत.’ म्हणून मी माझा दिला. कागदही मीच लावला. तिला वचन दिलं होतं, मंडळातल्या कुणाला कळणार नाही, तुला तर नाहीच. काल टेबलावर आणला असता तर बारा जण तिला हसले असते. सांग, काय करायला हवं होतं मी?”

नऊ वर्षांतली सात वर्षं ती त्या चौकटीखालून चहाचा ट्रे घेऊन ये-जा करत होती. “राहू दे रे, धूळ शिरेल.” सिरिलला वाटलं होतं, कौतुक. ती भीती होती. त्याच्या घरात, त्याच्याच बायकोला, त्याची. तो टेबलावर डोकं ठेवून रडला, आणि हेडलीनं किटली चढवली, कारण त्या वेळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सिरिलनं घासलेला गरुड हिरव्या कापडावर ठेवला. सुलटा.

“पालथा ठेव, सिरिल,” क्लेग म्हणाला.

“नको. पाठ अस्सल आहे. तोंड बघा.”

बिल्ला हातोहात फिरला. कुणी जीभ चावली, कुणी डोळे मिटले. एकजण म्हणाला, “कुणा गाढवानं केलं हे?”

“मी,” सिरिल म्हणाला. “नऊ वर्षांपूर्वी. इस्पितळात जायच्या आधी. तारेच्या घासणीनं. हेडलीला दया आली, त्यानं स्वतःचा गरुड मला दिला आणि तोंड बंद ठेवलं. आता संग्रहालयवाले पाठीचा फोटो मागत होते. मी उघडा पडलो असतो. म्हणून मी त्याला चोर ठरवलं.”

बिल्ला परत कापडावर आला. मग क्लेगनं तोंड उघडलं, आणि शाळामास्तरानं वर्गाबाहेर काढावं तसं सांगितलं, “ऑक्सली, तुमची टाचणी.” इतकी वर्षं तो त्याला सिरिल म्हणत आला होता. सिरिलनं टाचणी काढून ठेवली. गरुड उचलला, टोपी घातली. दाराशी पोचेपर्यंत मागे एकही खुर्ची करकरली नाही.

त्या टेबलावर त्यानं आजवर ठेवलेली ही एकच बनावट वस्तू, आणि बारा जाणकारांपैकी एकानंही ती उलटी करून बघितली नाही.

हेडली बाहेर व्हॅनमध्ये बसला होता. आत यायची त्याची तयारी नव्हती. सिरिलनं काय सांगितलं ते ऐकल्यावर त्यानं किल्लीवरचा हात काढून घेतला.

“तू ठार वेडा आहेस,” तो म्हणाला. “तिचं नाव नाही घेतलंस?”

“नाही.”

“त्यांनी मानलं?”

“लगेच. माझ्यासारखा माणूस असं करू शकतो, ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही.”

हेडलीनं गाडी सुरू केली. पुलापाशी आल्यावर सिरिलनं विचारलं, “हेडली, आज ती असती, आणि मी तिला हे सगळं येऊन सांगितलं असतं, तर ती घाबरली असती का रे?”

खोटं बोलायचं की खरं, ते हेडली ठरवत होता, आणि सिरिलला ते दिसत होतं. “आधी घाबरली असती,” तो म्हणाला. “मग तुला चहा दिला असता.”

सिरिलनं मान हलवली. घासलेला गरुड त्यानं मुठीत धरला होता, आणि त्याचा अंगठा आजोबांच्या कडीवर नव्हता. पुढच्या बाजूला, जिथे एनिडनं सगळ्यात जोरानं घासलं होतं, तिथे होता.